जी. व्ही. जोशी म्हणजे नेमके कोण?

पुणे सार्वजनिक सभा या एकोणिसाव्या शतकातल्या राजकीय संस्थेबद्दल इंग्रजीत वाचताना ‘जी. व्ही. जोशी’ हे नाव वारंवार भेटतं. कधी ते स्वदेशीचं व्रत घेतात, कधी शेतसाऱ्याच्या आकड्यांनी सरकारला कोंडीत पकडतात. एकाच माणसानं दोन्ही केलं असेल असं वाटून वाचणारा पुढे जातो. तिथेच घोटाळा होतो, कारण हे दोन जोशी आहेत.

पहिले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका. जन्म १८२८ चा, साताऱ्याचा. पुण्यात वकिली केली, एप्रिल १८७० मध्ये सार्वजनिक सभा उभी केली आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी घालून गेले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला चालला तेव्हा त्यांचं वकीलपत्र घेणंसुद्धा धोक्याचं होतं. काकांनी ते घेतलं. २५ जुलै १८८० रोजी ते वारले. दुसरे गणेश व्यंकटेश जोशी, १८५१ ते १९११. हे सरकारी शिक्षणखात्यातले हेडमास्तर आणि आकडेवारीत मुरलेले अर्थशास्त्री. सभेच्या इंग्रजी त्रैमासिकात त्यांनी जमीन, महसूल, सरकारी खर्च यांवर भरपूर लिहिलं. स्वतः सरकारी नोकर, त्यामुळे लेखाखाली नाव घालणं अडचणीचं. गोखल्यांचं १९०२ चं अंदाजपत्रकावरचं भाषण गाजलं, त्यामागे या जोशांची मदत होती. त्यांच्या लेखांचा आणि भाषणांचा जाडजूड इंग्रजी संग्रह १९१२ मध्ये निघाला, आणि त्यावर नाव आहे जी. व्ही. जोशी.

सभा एक, स्वतःचं नाव एक, आडनाव एक. फरक फक्त वडिलांच्या नावात, आणि तोही इंग्रजी ‘व्ही’नं पुसून टाकलेला. मराठीत ‘ग. वा.’ आणि ‘ग. व्यं.’ असं लिहिलं तर प्रश्नच उरत नाही.

अशा वेळी सगळ्यात आधी मृत्यूचं साल बघावं. १८८० नंतरच्या कुठल्याही लेखाशी, साक्षीशी किंवा पत्राशी काकांचा संबंध असू शकत नाही. अडचण आहे ती १८७८ ते १८८० या पट्ट्यात. त्रैमासिक १८७८ मध्ये सुरू झालं, काका हयात होते आणि धाकटे जोशी सत्ताविशीत होते. तिथे साल कामाला येत नाही, मजकूर बघावा लागतो. काका चळवळे होते, त्यांचं काम अर्ज, सभा, शपथा आणि कोर्ट यांत दिसतं. जिथे कोष्टकं सुरू होतात तिथे व्यंकटेशपुत्राचा संशय घ्यावा. पण संशयच, कारण त्या त्रैमासिकात रानड्यांचेही निनावी लेख आहेत आणि कोष्टकं त्यांनाही वर्ज्य नव्हती.

यात तिसरे जी. व्ही. येतात ते मावळंकर. गणेश वासुदेव मावळंकर (१८८८–१९५६), स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष. आडनाव वेगळं असल्यामुळे यांचा घोटाळा कुणी करणार नाही. मात्र गणेश वासुदेव या जोडीचे दोघे वकील, दोघेही सार्वजनिक कामातले, आणि एक गेल्यानंतर आठ वर्षांनी दुसरा जन्मला.

मराठी नावाची रचना खरं तर ओळख पटवायला फार सोयीची आहे. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव अशा तीन खुंट्या. अनेक समाजांत यातल्या दोनच असतात, काही ठिकाणी एकच. पण ही सोय टिकते ती तिन्ही नावं पूर्ण लिहिली तरच. आद्याक्षरांवर आलं की गळती सुरू होते आणि इंग्रजी आद्याक्षरांवर आलं की भांडंच फुटतं. द आणि ध दोघेही ‘डी’. ग आणि घ दोघेही ‘जी’. क-ख, ब-भ, स-श यांचीही तीच गत. त्यात स्वरचिन्हं गेली की वि, वा, वै, व्यं या सगळ्यांचा एक ‘व्ही’ होतो.

याचा सर्वांत छळवादी नमुना म्हणजे व्ही. के. राजवाडे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) सगळ्यांना माहीत आहेत: ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, दप्तरांसाठीची पायपीट. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे. हे फर्ग्युसनमधले प्राध्यापक, वैदिक वाङ्मयाचे अभ्यासक, वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काच्या निरुक्तावर आयुष्य खर्ची घातलेले. सख्खे भाऊ असल्यामुळे बापाचं नावही मदतीला येत नाही. शिवाय दोघेही पुण्यातले, दोघेही व्युत्पत्तीच्या नादी लागलेले. विश्वनाथरावांनीही शब्दांची आणि धातूंची मुळं खणली, त्यामुळे विषयावरून ओळखायला जाणंही फसवं. इथे दोन गोष्टी चालतात. १९२६ नंतरचं नवं लेखन वैजनाथरावांचं. आणि विश्वनाथरावांनी मराठीतच लिहायचं हा हट्ट आयुष्यभर चालवला, त्यामुळे व्ही. के. राजवाडे यांचा इंग्रजी लेख हाती आला तर तो बहुधा थोरल्यांचा.

डी. आर. ही जोडी त्यापेक्षा निरुपद्रवी आणि जास्त मजेची. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे (१८९६–१९८१) म्हणजे कन्नडचे वरकवी, धारवाडच्या मराठी बोलणाऱ्या घरातले, १९७३ च्या ज्ञानपीठाचे एक मानकरी. सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात त्यांनी बारा वर्षं शिकवलं आणि मराठीतही लिहिलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) म्हणजे देवळालीचे शाळामास्तर, ज्यांच्या नावानं ६१७४ हा अंक जगभर ओळखला जातो. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि मग हलत नाही. एक पथ्य मात्र पाळायचं: मधे तीन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य लावून चार अंक पुरे करायचे. ते राहिलं की हिशोब भलतीकडे जातो. आता गंमत अशी की बेंद्रे उतारवयात संख्यांच्या नादी लागले होते, ४४१ या संख्येवर तर त्यांचं विशेष प्रेम. तेव्हा ‘डी. आर. आणि आकडे’ एवढीच खूण हाती असेल तर कापरेकर असं ठोकून देऊ नये. तिसरे डी. आर. गाडगीळ (१९०१–१९७१), अर्थशास्त्रज्ञ, त्यांचेही आकडेच. पण ते धनंजय रामचंद्र, म्हणजे मराठीत ध. रा.

काही ठिकाणी मात्र पहिली दोन्ही नावं पूर्ण लिहूनही जुळतात. विनायक दामोदर म्हटलं की सावरकर आठवतात (१८८३–१९६६), पण मास्टर विनायकांचं पूर्ण नावही विनायक दामोदर कर्नाटकी (१९०६–१९४७). कोल्हापूरचे, विनोदी चित्रपटांचे दिग्दर्शक-नट, अभिनेत्री नंदाचे वडील. बाळ गंगाधर म्हटलं की टिळक, पण मुंबई प्रांतातल्या पहिल्या काँग्रेस सरकारचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) खेर हेही बाळ गंगाधर (१८८८–१९५७). दोघांचा जन्म रत्नागिरीचा. टिळकांचं ठेवलेलं नाव केशव, बाळ हे घरातलं लाडकं नाव, आणि तेच जगभर गेलं. गोविंद बल्लाळ हे ‘शारदा’कार देवलांचं नाव (१८५५–१९१६), आणि पानिपतच्या तोंडावर, डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीच्या सैन्याकडून मारले गेलेले गोविंदपंत बुंदेले हेही गोविंद बल्लाळ, आडनाव खेर. गोपाळ कृष्ण तर एकाच संस्थेत दोन: भारत सेवक समाजाचे संस्थापक गोखले, आणि त्यांचे सुरुवातीपासूनचे सहकारी, पुढे समाजाचे अध्यक्ष झालेले देवधर.

वासुदेव बळवंत या नावाची कथा निराळी. फडके (१८४५–१८८३) शिरढोणचे, एडनच्या तुरुंगात वारले. त्यानंतर २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन कॉलेजच्या ग्रंथालयात मुंबई प्रांताचा हंगामी गव्हर्नर हॉटसनवर एका विद्यार्थ्यानं गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचला. विद्यार्थ्याचं नाव वासुदेव बळवंत गोगटे. आणि त्याच कॉलेजात त्याआधी मराठी काव्यावर जीव टाकणारे एक प्राध्यापक होऊन गेले होते, वासुदेव बळवंत पटवर्धन (१८७०–१९२१). पटवर्धनांचं नाव इंग्रजीत शोधायचं तर ‘व्ही. बी.’ म्हणून शोधून भागत नाही. ते ‘डब्ल्यू. बी.’ असं छापलेलं मिळतं. जुन्या इंग्रजी लेखनात वासुदेव, वामन, विष्णू यांपैकी कुणाच्याही वाट्याला डब्ल्यू येऊ शकतो. दोन्ही अक्षरांखाली शोधल्याशिवाय ‘नोंद नाही’ असं लिहू नये.

ही जुळणी योगायोगाची वाटते तेवढी नाही. नावांचा साठा देवांच्या नावांपुरता, त्यातही गणपती, विष्णू, शंकर, दत्त यांच्या पर्यायांचा. वर आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत. बाळाजी विश्वनाथ, त्यांचा मुलगा बाजीराव बल्लाळ, त्याचा मुलगा बाळाजी बाजीराव, त्याचा मुलगा विश्वासराव. बल्लाळ म्हणजे बाळाजीच. नाना फडणवीसही बाळाजीच, बाळाजी जनार्दन. पेशवाईतल्या पत्रात नुसतं ‘बाळाजी’ आलं तर शिक्का, तारीख आणि पत्र कुणाला लिहिलंय हे तिन्ही पाहिल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

जुन्या लोकांना याची जाणीव होती, म्हणून त्यांनी विशेषणं लावली. थोरले बाजीराव, दुसरे बाजीराव. थोरले माधवराव, सवाई माधवराव. यात ‘सवाई’ हे निव्वळ कौतुक नाही, ते वेगळेपण दाखवायचं साधन आहे. विशेषण गळालं की काय होतं ते शाहूंच्या बाबतीत दिसतं. साताऱ्याचे शाहू (१६८२–१७४९) संभाजीराजांचे पुत्र, मोगलांच्या कैदेत वाढलेले, १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवाई देणारे. कोल्हापूरचे शाहू (१८७४–१९२२) कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, १८८४ मध्ये दत्तक येऊन शाहू झाले, १९०२ मध्ये आपल्या संस्थानात निम्म्या नोकऱ्या मागासलेल्या जातींसाठी राखून ठेवणारे. दोघेही ‘छत्रपती शाहू महाराज’. मधे सव्वाशे वर्षं, गादी वेगळी, रक्ताचं घराणंही वेगळं. ‘राजर्षी’ ही पदवी कोल्हापूरच्या शाहूंना १९१९ मध्ये कानपुरात कुर्मी क्षत्रियांच्या परिषदेनं दिली. तिथल्या विद्यापीठाला शाहूंचं नाव आहे ते याच शाहूंचं. ‘राजर्षी’ लिहायचा कंटाळा करू नये, एवढा एक शब्द गेला तर पेशवाई आणि आरक्षण एकाच माणसाच्या खात्यावर पडतं.

दत्तक हा प्रकार नोंदी करणाऱ्याची परीक्षा पाहतो. तिथे आडनाव बहुधा तेच राहतं, पण स्वतःचं आणि बापाचं अशी दोन्ही नावं बदलतात. सांगलीचे गणेश आत्माराम खांडेकर दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. गजानन रंगनाथ शिरवाडकर दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले. मराठीला ज्ञानपीठ मिळवून देणारे पहिले दोन लेखक दोघेही दत्तकविधानानं विष्णू झालेले. एकाला १९७४ चं, दुसऱ्याला १९८७ चं. अशा माणसाची दत्तकापूर्वीची कागदपत्रं मिळाली तर ती तिसऱ्याच कुणाची तरी समजून बाजूला पडतात. म्हणून नोंदीत ‘पूर्वीचे नाव’ हा रकाना रिकामा ठेवायचा नसतो.

खांडेकरांवरून आठवलं, मराठी आद्याक्षरंही निर्दोष नाहीत. वि. स. म्हणजे विष्णू सखाराम खांडेकर, आणि वि. स. म्हणजेच विठ्ठल सखाराम पागे, रोजगार हमी योजनेचे जनक, विधान परिषदेचे सभापती. ‘वि.’ या एका अक्षरात विष्णू, विठ्ठल, विनायक, विश्वनाथ, विजय सगळे मावतात. क्रिकेटमधले विजय हजारे तर विजय सॅम्युअल, म्हणजे तेही व्ही. एस., आणि जन्म खांडेकरांप्रमाणे सांगलीचा. त्या काळच्या धावफलकांनी मात्र तीन विजय नीट सांभाळले: व्ही. एम. मर्चंट, व्ही. एस. हजारे, व्ही. एल. मांजरेकर. नोव्हेंबर १९५१ च्या दिल्ली कसोटीत मर्चंटनी १५४ आणि हजाऱ्यांनी नाबाद १६४ केल्या. मर्चंटचा तो शेवटचा कसोटी सामना, आणि मांजरेकर पहिला कसोटी सामना खेळले ते त्याच मालिकेत, कोलकात्यात. तिघे विजय एका कसोटीत कधी उतरलेच नाहीत.

करंदीकरांचा सापळा आणखी निराळा. ‘विनायक’ या नावानं ऐतिहासिक कविता लिहिणारे कवी म्हणजे विनायक जनार्दन करंदीकर. विंदांचं पूर्ण नाव गोविंद विनायक करंदीकर. म्हणजे विनायक करंदीकरांचा मुलगा गोविंद करंदीकर, दोघेही कवी! जुळवाजुळव इतकी सुबक होते की संशयच येत नाही. पण कवी विनायक १९०९ मध्ये वारले आणि विंदा जन्मले १९१८ मध्ये. बापाचं नाव जुळतं, बाप जुळत नाही. विनायक भाव्यांचंही असंच. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे ठाण्याचे भावे म्हणजे विनायक लक्ष्मण (१८७१–१९२६), आणि विनोबा म्हणजे विनायक नरहरी (१८९५–१९८२).

बायकांच्या नावांकडे आलं की वरचे सगळे नियम कोलमडतात. पुरुषाच्या तीन खुंट्यांपैकी एकही न हलता तो जन्मभर राहतो (दत्तक सोडून). बाईच्या तिन्ही एका दिवसात उपटल्या जात. यमुना कुर्लेकर १८७३ मध्ये लग्न होऊन रमाबाई रानडे झाली. कल्याणची यमुना जोशी लग्नानंतर आनंदीबाई जोशी झाली, तीच फिलाडेल्फियाहून १८८६ मध्ये डॉक्टर झालेली. दोन यमुना इथे बुडाल्या. गोदूबाई जोशी ही विधवा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झाली, घरात तिला ‘बाया’ म्हणत. आता ‘आनंदीबाई, माहेरच्या जोशी’ ही खूण लावून बघा. डॉक्टर आनंदीबाईंचं माहेर जोशी आणि सासरही जोशी. कर्व्यांच्या आनंदीबाईंचं माहेर जोशी. खूण दोघींनाही लागते. इथे हमखास वेगळं करणारी गोष्ट पुन्हा साल हीच: डॉक्टर आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी वारल्या, आणि त्या वेळी दुसरी आनंदीबाई अजून गोदूबाईच होती.

रमाबाईंचा गुंता त्याहून घट्ट आहे, कारण त्या एकमेकींच्या आयुष्यात आल्या. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) १८८२ मध्ये पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्या सभांना जाणाऱ्यांत रमाबाई रानडे होत्या. म्हणजे त्या सालच्या पुण्यातल्या एखाद्या मजकुरात ‘रमाबाई बोलल्या’ एवढंच असेल तर बोलणारी बहुधा पंडिता. ऐकायला बसलेलीही रमाबाईच. पुढे दोघींनी संस्था काढल्या आणि संस्थांची नावंही ऐकायला जवळची: शारदा सदन आणि सेवासदन. शारदा सदन पंडितांचं, ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं, मुख्यतः विधवांसाठी निवासी शाळा. सेवासदन पुण्यात १९०९ चं, रमाबाई रानडे आणि तेच गोपाळ कृष्ण देवधर यांचं. ज्या गोदूबाईचं नाव वर आलं ती शारदा सदनच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी. आणि डॉक्टर आनंदीबाईंच्या पदवीदानाला अमेरिकेत हजर राहिलेल्या रमाबाई म्हणजे पंडिताच. रानडे असण्याचा प्रश्नच नाही.

तिसऱ्या रमाबाई आंबेडकरांच्या (१८९८–१९३५), ज्यांना लोक माता रमाई म्हणतात. घाटकोपरच्या वस्तीचं नाव यांच्यावरून. चौथ्या थोरल्या माधवरावांच्या, १७७२ मध्ये थेऊरला सती गेल्या. या दोघींचा गोंधळ होत नाही. घोळ होतो तो काळ, गाव आणि काम यांतल्या दोन गोष्टी जुळल्या की, आणि पहिल्या दोघींच्या बाबतीत तिन्ही जुळतात. म्हणून ‘पंडिता’ हा शब्द तिथे शोभेचा नाही.

आणखी एक फसगत आडनावावरून होते. दुर्गाबाई भागवत (१९१०–२००२) मराठी लेखिका, दुर्गा खोटे (१९०५–१९९१) मराठी अभिनेत्री, म्हणून दुर्गाबाई देशमुखही (१९०९–१९८१) आपल्याच असं धरून चालणारे कमी नाहीत. त्या आंध्रच्या, राजमहेंद्रीच्या. घटना समितीच्या सदस्य. १९५३ मध्ये चिंतामणराव देशमुखांशी लग्न झालं तेव्हा हे आडनाव आलं. घटना समितीतल्या कामकाजात त्या जी. दुर्गाबाई आहेत, तिथे ‘देशमुख’ शोधून काही हाती लागणार नाही.

मानाची नावं तर सरळ नाव खाऊन टाकतात. दादासाहेब म्हणजे कोण? धुंडिराज गोविंद फाळके. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, अमरावतीचे, टिळकांचे सहकारी. वर आलेले मावळंकर, तेही दादासाहेबच. भाऊराव कृष्णाजी गायकवाड, काळाराम मंदिर सत्याग्रहाचे नेते. नाशकात दोन दादासाहेबांची स्मृती आहे, फाळक्यांची आणि गायकवाडांची. गायकवाड ‘कर्मवीर’ही आहेत आणि मूळ नावानं ‘भाऊराव’ही, त्यामुळे नुसतं ‘कर्मवीर भाऊराव’ म्हटलं की रयत शिक्षण संस्थेचे पाटील डोळ्यांसमोर येतात. हे तर दोनदा आदळणं झालं. सिनेमात शिरलं की दादासाहेब पुन्हा दोन. रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच ठिकाणी ३ मे १९१३ ला. ‘पुंडलिक’ हे नाटकाचं चित्रण, त्यावरची प्रक्रिया लंडनमध्ये झालेली. त्यामुळे पहिलेपणाचा मान कुणाचा हा वाद चालूच राहतो, आणि त्या वादात ‘दादासाहेबांनी’ एवढंच लिहिणारा लेखक वाचकाला वाऱ्यावर सोडतो.

सुलोचनांचं प्रकरण चित्रपटांच्या याद्या करणाऱ्यांना विचारावं. रुबी मायर्स (१९०७–१९८३) मूकपटांच्या काळातली सर्वांत मोठी तारका, पडद्यावरचं नाव सुलोचना. तिनं १९२८ आणि १९३५ मध्ये अनारकली रंगवली, आणि १९५३ च्या ‘अनारकली’त सलीमच्या आईची, जोधाबाईची भूमिका केली. नेमक्या त्याच दशकात दुसऱ्या सुलोचना (लाटकर, १९२८–२०२३) मराठीतून हिंदीत आईच्या भूमिका करू लागल्या. श्रेयनामावलीत दोघींचंही नाव फक्त ‘सुलोचना’, भूमिकाही दोघींची आईची. १९५० नंतरच्या चित्रपटात नुसत्या यादीवरून त्यांना वेगळं करता येत नाही, चित्रपट लावून चेहरा बघावाच लागतो. तिसऱ्या सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२), लावणीच्या. त्या गायिका असल्यानं वेगळ्या पडतात, पण लग्नाआधीची हिंदी गाणी सुलोचना कदम या नावानं आहेत. ती चव्हाणांच्या खात्यात जमा करायची राहून जातात.

आणि जिथे आडनाव, बाप, गाव, साल यांपैकी काहीच लिहिलेलं नाही तिथे? संतवाङ्मयात कवीची सही म्हणजे अभंगाच्या शेवटच्या चरणातली नाममुद्रा. ‘नामा म्हणे’ असलं की नामदेवांचा अभंग, हा नियम सोपा आणि फसवा. संत नामदेव १२७० ते १३५० चे. त्यांच्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी, एकनाथांच्या काळात विष्णुदास नामा नावाचे कवी झाले, ज्यांनी ओवीबद्ध महाभारत लिहिलं. ‘विष्णुदास नामा’ ही मुद्रा असलेली रचना मग या दुसऱ्यांची म्हणावी, तर नामदेवही स्वतःला विष्णुदास म्हणवतात. विठ्ठलाच्या भक्तानं दुसरं काय म्हणवायचं? त्यात अभंग शतकानुशतकं तोंडी फिरले, लिहून घेणाऱ्यांनी ओळखीच्या नावाखाली जमा केले, आणि छापील गाथांत दोघांचंही पीक एकाच कोठारात पडलं. ज्ञानदेवांबाबतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या नावानं लिहिणाऱ्या शिवरामपंत भारद्यांनी ज्ञानेश्वरी लिहिणारे वेगळे आणि अभंग लिहिणारे वेगळे असा वाद उभा केला होता. तो बहुतेकांनी मानला नाही. वामन पंडित किती, हाही असाच प्रश्न.

नामदेवांचे अभंग पारखताना अभ्यासक काय पाहतात? पहिलं, अभंगात उल्लेख कुणाचा आहे. कबीर किंवा त्यानंतरचा कुणी भक्त आला की तो १३५० आधीचा असू शकत नाही. दुसरं, भाषा, पण इथे जपून. तोंडी परंपरेत जुना अभंग नव्या भाषेत घासून गुळगुळीत होतो, त्यामुळे भाषा नवी असणं हा नकाराचा पुरावा नाही. जुनी असणं हा मात्र बऱ्यापैकी होकाराचा. तिसरं, हस्तलिखिताचं वय आणि रचना किती वेगवेगळ्या बाडांत (हस्तलिखित वह्यांत) सापडते ते. चौथं, महाराष्ट्राबाहेरचा साक्षीदार: गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि मूळ ग्रंथ १६०४ मध्ये सिद्ध झाला. ती पदं हिंदी वळणाची, गाथेतल्या मराठी अभंगांशी शब्दाला शब्द लावून ताडता येत नाहीत. तरी नामदेवांच्या नावावर काय नांदत होतं त्याची एक बंद झालेली यादी त्यातून मिळते, आणि मराठी गाथेला अशी यादी नाही. चारही कसोट्या लावून जे उरतं त्यातलं बरंचसं कुणाच्याच पदरात खात्रीनं टाकता येत नाही. अशा अभंगाची नोंद नामदेवांखालीच ठेवावी, मुद्रा जशी आहे तशी उतरून घ्यावी, बाडाचा क्रमांक लिहावा, आणि विष्णुदास नामा या नोंदीतून तिकडे बोट दाखवावं. दुसऱ्या नोंदीत अभंग हलवायची घाई करू नये. एकदा हलवलेला अभंग पुढची प्रत करणारा परत आणून ठेवत नाही.